एटीएम नवं करायला बँकांना एवढा वेळ का लागतो?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची एक तारीख. बाबा नेहमीप्रमाणे सकाळी साडेसातला सहकारनगरमधल्या कोपऱ्यावरच्या एटीएमवर पेन्शन काढायला गेले. कार्ड घातलं, पिन दाबला, दहा हजारांचा आकडा टाकला. आतून नोटा मोजल्याचा फर्रर्र आवाज आला, मग एक खट्ट, आणि शांतता. झाकण उघडलंच नाही. पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही’ अशी ओळ आली आणि तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला. खात्यातून दहा हजार रुपये वजा.

बाबा तिथून हलले नाहीत. आपण गेल्यावर झाकण उघडलं तर? नोटा बाहेर आल्या आणि दुसऱ्या कुणी उचलल्या तर? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या काचेच्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटं यंत्राकडे बघत उभा होता. फोन आल्यावर मी धावत पोचलो, तेव्हा त्यांचा एक हात अजून त्या झाकणाखाली धरलेला होता.

पैसे चौथ्या दिवशी आपोआप खात्यात परत आले. पण तो हात काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. माझं काम पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं, रोजचं हिंजवडीला जाणं-येणं. त्यामुळे बाबांनी संध्याकाळी चहा घेताना विचारलेला प्रश्न मला टाळता आला नाही. “तुम्ही सगळं फोनवर आणलंत. भाजीवाल्याकडेही आता तो चौकोन चिकटवलेला असतो. मग हे एक यंत्र तुमच्याच्यानं सुधारत कसं नाही?”

त्यांना मी नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याची आठवण करून दिली. सोळा बिऱ्हाडं, एक मालक आणि एकच लाकडी जिना. जिन्याची एक पायरी कुजली होती. ती बदलायला मालकाची परवानगी हवी, खर्चाला सोळा जणांचा होकार हवा, आणि सुतार काम करत असतानाही सगळ्यांना त्याच जिन्यावरून पाण्याच्या बादल्या घेऊन चढायचं. पायरी बदलायला दीड वर्ष लागलं. सुताराचं काम दोन तासांचं होतं.

एटीएमचं नेमकं तसंच आहे.

त्या दहा सेकंदांत काय घडतं

आपण पिन दाबतो तेव्हा तो त्या बटणांच्या पॅडमध्येच सांकेतिक होतो. यंत्रातल्या संगणकालाही तो उघडा दिसत नाही. मग कार्डाची माहिती आणि हा बंदिस्त पिन त्या एटीएमच्या बँकेच्या ‘स्विच’कडे जातो. स्विच म्हणजे रेल्वेचा सांधेवाला समजा. येणारा प्रत्येक निरोप कुठल्या रुळावर पाठवायचा हे तो ठरवतो. कार्ड त्याच बँकेचं असेल तर निरोप थेट बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो, जिथं आपल्या खात्याचा हिशेब असतो. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर निरोप नॅशनल फायनान्शियल स्विचवर जातो. देशभरच्या बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारं हे जाळं २००४ साली उभं राहिलं आणि २००९ च्या डिसेंबरपासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ते चालवतं. तिथून निरोप कार्डाच्या बँकेच्या स्विचकडे, तिथून तिच्या मुख्य प्रणालीकडे. शिल्लक आहे का ते बघितलं जातं, रक्कम खात्यातून वजा होते, आणि ‘द्या’ असा होकार आल्या वाटेनं उलटा परत येतो.

म्हणजे यंत्र नोटा मोजायला लागतं तेव्हा खात्यातून पैसे आधीच गेलेले असतात. बाबांचा घोटाळा तिथंच झाला. होकार आला, मोजणी सुरू झाली आणि नोट मध्येच अडकली. अशा वेळी यंत्रानं ‘दिले नाहीत, परत जमा करा’ असा उलटा निरोप पाठवायचा असतो. तो लगेच पोचला तर काही मिनिटांत पैसे परत येतात. वाटेत कुठं तार तुटली, सिम कार्डाचं नेटवर्क गेलं किंवा मधल्या एखाद्या यंत्रणेनं वाट बघून दार बंद केलं, तर तो निरोप हरवतो. मग माणसांना कामाला लागावं लागतं. यंत्रातली नोंदवही तपासायची, पेटीत उरलेल्या नोटा मोजायच्या, दोन बँकांच्या याद्या समोरासमोर ठेवायच्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं न मागता. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या दहातल्या नऊ जणांना ठाऊक नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता यातला एक तुकडा नवा करायचा म्हणा. समजा बँकेला स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचंय. एकीकडे तिची स्वतःची हजारो यंत्रं त्याच्याशी बोलतात, दुसरीकडे राष्ट्रीय जाळं, तिसरीकडे परदेशी कार्डांची जाळी, चौथीकडे मुख्य प्रणाली. हे सगळे ज्या ठरावीक साच्यात निरोप पाठवतात, तो १९८० च्या दशकात ठरलेला आहे. जुना आहे, पण सगळ्या जगाची सहमती त्याच्यावर आहे. एका बाजूनं भाषा बदलली की उरलेल्या तिघांशी पुन्हा चाचण्या, पुन्हा प्रमाणपत्रं. आणि हे करताना एक तास जरी सगळं बंद ठेवायचं म्हटलं, तरी त्या तासात कुणाला तरी रुग्णालयात अनामत भरायची असते.

नोट सात मिलिमीटरनं बारीक झाली तेव्हा

लोकांना वाटतं एटीएम म्हणजे संगणक. उघडलं की कळतं, त्यातला मोठा भाग यांत्रिक आहे. खाली जाड पोलादी तिजोरी. तिच्यात एकावर एक सरकवलेल्या साधारण चार पेट्या. त्यांना कॅसेट म्हणतात. एकेकीत दोन हजारांच्या वर नोटा मावतात. प्रत्येक कॅसेट एकाच किमतीच्या नोटेसाठी बसवलेली. रबरी चाकं किंवा हवेची ओढ एकेक नोट उचलते, पट्ट्यांवरून वर नेते, वाटेत तिची जाडी मोजली जाते. दोन नोटा चिकटून आल्या किंवा नोट दुमडलेली असली, तर ती बाजूच्या नाकारलेल्या नोटांच्या डब्यात जाते. पुण्याच्या जुलैत हे जास्त होतं. नोटा दमट होतात आणि एकमेकींना धरून ठेवतात.

हे सगळं मिलिमीटरच्या हिशेबावर चालतं. जुनी ५०० ची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर होती. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर आलेली नवी ५०० ची नोट १५० बाय ६६, आणि २००० ची १६६ बाय ६६. उंची सात मिलिमीटरनं कमी, लांबी वेगळी. आपल्या दृष्टीनं नोट खिशात मावते की नाही एवढाच प्रश्न. यंत्राच्या दृष्टीनं मात्र ती अनोळखी वस्तू. देशातल्या दोन लाखांवर एटीएमपैकी प्रत्येकापुढे जाऊन, तिजोरी उघडून, कॅसेटची बैठक बदलून, सॉफ्टवेअरला नवं माप शिकवावं लागलं. रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. लक्ष्मी रोडवरच्या त्या रांगा ज्यांनी बघितल्यात, त्यांना बँकेच्या तिजोरीत नोटा असूनही एटीएम कोरडं का हे कोडं पडलं असेल. हे त्याचं एक मोठं कारण होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये २०० ची नोट आली, १४६ बाय ६६. २०१८ मध्ये जांभळट १०० ची आली, १४२ बाय ६६. दोन्ही वेळा पुन्हा तीच फेरी, पुन्हा तोच खर्च. आणि २००० ची नोट, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती २०२३ च्या मे महिन्यात चलनातून परत घेण्याचं जाहीर झालं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी एक गोष्ट सांगितली. सप्टेंबरअखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममधून, किमान एका कॅसेटमधून तरी, १०० किंवा २०० च्या नोटा मिळाल्या पाहिजेत. मला हा निर्णय मनापासून पटतो. पाचशेची नोट घेऊन मंडईत दोन जुड्या मेथी घ्यायला गेलेल्या माणसाला सुट्ट्याचं दुःख विचारा. पण बँकेच्या बाजूनं बघा. चारपैकी एक कॅसेट लहान नोटांना दिली की यंत्रात मावणारी एकूण रक्कम घटते, ते लवकर रिकामं होतं, आणि भरायला गाडी जास्त वेळा पाठवावी लागते.

पेटीतला म्हातारा संगणक

तिजोरीच्या वरच्या भागात एक साधा संगणक असतो. बहुतेक ठिकाणी विंडोजवर चालणारा. आपला घरचा संगणक पाच-सहा वर्षांत बदलतो. एटीएमचं यंत्र मात्र दहा-दहा वर्षं चालवायचं, असं धरून विकत घेतलेलं असतं. इथं दोन वयांचं भांडण सुरू होतं. लोखंड धडधाकट असतं आणि आतला मेंदू मात्र निवृत्तीच्या पलीकडे गेलेला असतो.

विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्ये थांबवला. म्हणजे त्यात नवं भोक सापडलं तरी ते बुजवणारं कुणी नाही. तरीही त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे एक्सपीवरची एटीएम चालू होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तारखाच घालून दिल्या. सप्टेंबरपर्यंत चौथाई यंत्रं, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, आणि जून २०१९ पर्यंत सगळी. सोबत आणखी अटी होत्या. यूएसबीची तोंडं बंद करा, परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमखेरीज दुसरं काही चालू देऊ नका, कार्डाची चोरटी नक्कल करणारं उपकरण लावता येणार नाही अशी सोय करा.

ऐकायला हे फोन अपडेट करण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवी प्रणाली जुन्या संगणकावर चढत नाही, म्हणून आधी संगणक बदला. नव्या संगणकाला जुन्या नोटा-यंत्राशी, जुन्या कार्ड-वाचकाशी, जुन्या छपाई-यंत्राशी बोलता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक भागाचं जोड-सॉफ्टवेअर हवं, आणि एकाच बँकेकडे तीन-चार कंपन्यांची, वेगवेगळ्या सालांची यंत्रं असतात. त्यात बँकांची विलीनीकरणं झाली. २०१७ मध्ये स्टेट बँकेत सहयोगी बँका, २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विजया आणि देना, १ एप्रिल २०२० ला आणखी सहा सरकारी बँका इतर चार बँकांमध्ये. प्रत्येक सुनेनं माहेरची भांडी आणावीत तशी प्रत्येकीची यंत्रं, प्रत्येकीचा स्विच, प्रत्येकीचे देखभालीचे करार एका घरात आले.

शिवाय काही कामं दुरून होतच नाहीत. पिन सांकेतिक करणारी मुख्य चावी जुन्या यंत्रात भरायची तर तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोघांनी यंत्रापुढे हजर राहून आपापला तुकडा टाइप करायचा, दुसऱ्याचा बघायचा नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण एकाच वेळी दोघांना भोरच्या पुढच्या एखाद्या गावात पोचवायचं, तेही पाऊस आणि घाट सांभाळून, म्हणजे एका यंत्राला एक दिवस गेला.

एक्सपीचं हे ओझं उतरतं न उतरतं तोच विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि विंडोज १० च्या नेहमीच्या आवृत्त्यांचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. एटीएमसारख्या यंत्रांसाठीच्या खास आवृत्त्यांना पुढची काही वर्षं मिळतात, पण घड्याळ चालूच राहतं.

गणेशखिंड रस्त्यावरचा ऑगस्ट

पुण्यात राहून या विषयावर लिहायचं आणि गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेचा उल्लेख टाळायचा, हे शक्य नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे काढले गेले. भारतातही काढले गेले. १३ तारखेला सुमारे १४ कोटी रुपये आंतरराष्ट्रीय निरोप-प्रणालीतून हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख.

हे कसं घडलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात एकाही एटीएमची तिजोरी फुटली नाही. यंत्रांनी त्यांना शिकवलेलं काम बिनचूक केलं. त्यांनी विचारलं, ‘देऊ का?’ आणि त्यांना उत्तर मिळालं, ‘द्या’. फक्त उत्तर देणारा खरा नव्हता. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून खऱ्या स्विचच्या जागी आपला नकली सांधेवाला बसवला होता. निरोप मुख्य प्रणालीपर्यंत जातच नव्हता, म्हणून खात्यात शिल्लक आहे की नाही हा प्रश्नच कुणी विचारला नाही. पुढे परदेशातले नाहीत, पण भारतात पैसे काढणारे अनेक जण पुणे पोलिसांनी पकडले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं.

त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या आईची ठेव त्याच बँकेत होती. बँकेनं खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं लगेच सांगितलं, पण तिथली एटीएम सेवा काही दिवस बंद होती आणि लोकांच्या पोटात गोळा होता.

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. नवं, चकचकीत, मोठ्या पडद्याचं एटीएम बसवणं हे आधुनिकीकरणातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं काम आहे. खरं काम भिंतीमागे आहे. स्विच आणि मुख्य प्रणाली यांच्यातला संवाद तिसऱ्या कुणी तपासतोय का, शनिवारी दुपारी अचानक परदेशातून शेकडो व्यवहार आले तर कुणाच्या फोनची घंटा वाजते, हे प्रश्न. दिसत नसलेल्या कामाला संचालक मंडळाकडून पैसे मंजूर करून घेणं अवघड असतं, विशेषतः छोट्या सहकारी बँकांमध्ये. त्यांच्यातल्या अनेक जणी तर दुसऱ्याचा स्विच भाड्यानं वापरतात. वाड्यातला भाडेकरू स्वतः किती जिना दुरुस्त करणार?

गाडी, दोन बंदूकधारी आणि नऊ वाजण्याची वेळ

एटीएमवर नाव बँकेचं असतं, पण आत शिरलं की बँक सहसा नसते. कित्येक ठिकाणी यंत्र एका सेवा-कंपनीच्या मालकीचं, नोटा भरणारी एजन्सी दुसरी, नेटवर्क तिसऱ्याचं, गाळा चौथ्याचा. बँक प्रत्येक व्यवहारामागे पैसे मोजते.

आमच्या कोपऱ्यावरचं यंत्र भरताना मी एकदा जवळून बघितलंय. लोखंडी जाळीची गाडी थांबली. आधी बंदूकवाला उतरला, त्यानं फुटपाथ दोन्ही बाजूंना नजरेनं झाडून घेतला. मग दोन तरुण कस्टोडियन, म्हणजे नोटा भरणारे, निळ्या पेट्या घेऊन आत गेले. शटर अर्धं खाली. एकानं त्याचा आकडा दाबला, दुसऱ्यानं त्याचा. कुलूप उघडल्यावर जुन्या कॅसेट बाहेर काढल्या, नोटांची गड्डी दोन्ही हातांनी धरून वाकवली आणि कडा अंगठ्यानं फुलवल्या, पत्त्यांसारख्या. चिकटलेल्या नोटा सुट्या होतात म्हणून. घामानं डबडबलेला तो मुलगा दिवसात अशी पंधरा यंत्रं करतो म्हणाला.

गृह मंत्रालयाचे नियम २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाले. शहरात रात्री नऊनंतर एटीएम भरायचं नाही, ग्रामीण भागात सहानंतर नाही. गाडीत चालकाखेरीज दोन सशस्त्र रक्षक आणि दोन कस्टोडियन. एका फेरीत पाच कोटींहून जास्त रक्कम नाही. या माणसांचा जीव वाचवणारे हे नियम आहेत आणि ते हवेतच. पण त्यांचा अर्थ पुण्यात काय होतो बघा. गणपतीच्या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद. रांगा लागतात त्या नेमक्या संध्याकाळी. म्हणजे लक्ष्मी रोडच्या आसपासची सगळी यंत्रं दुपारच्या आत भरायची, आणि किती भरायची ते आदल्या दिवशीच ओळखायचं. कमी भरली तर रात्री आठला ‘कॅश नाही’. जास्त भरली तर तेवढी रक्कम बिनव्याजी पडून. हा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला सण कळले पाहिजेत, पगाराची तारीख कळली पाहिजे, पालखी कधी मुक्कामाला येते ते कळलं पाहिजे. इथं मला सुधारणेला खरा वाव दिसतो, आणि हे काम फार कुणी करत नाही याचं वाईटही वाटतं.

रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आणखी पुढे गेलीय. यंत्रापुढे उभं राहून नोटा भरण्याऐवजी कार्यालयातच भरून कुलूपबंद केलेल्या कॅसेट आणायच्या आणि रिकाम्या उचलून न्यायच्या. कल्पना उत्तम. एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं, पण मुदत वाढत गेली, कारण त्यासाठी प्रत्येक यंत्रामागे कॅसेटचा दुसरा संच घ्यावा लागतो. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२१ पासून महिन्यात दहा तासांहून जास्त एटीएम रिकामं राहिलं तर बँकेला दर यंत्रामागे १०,००० रुपये दंड लावण्याची योजना आली.

एकोणीस रुपयांचं गणित

आपण दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढतो तेव्हा आपली बँक त्या बँकेला एक रक्कम देते. ती बरीच वर्षं १५ रुपये होती, ऑगस्ट २०२१ मध्ये १७ झाली आणि १ मे २०२५ पासून १९. शिल्लक बघण्यासारख्या कामाला ७. या १९ रुपयांत गाळ्याचं भाडं, वीज, एसी, गाडी, रक्षक, विमा, दुरुस्ती, आणि नवा संगणक, नवी प्रणाली हे सगळं बसवायचं. यंत्रावर दिवसाला पुरेसे लोक आले तरच हे जमतं.

आणि लोक कमी येतात, कारण चहाचे दहा रुपयेही आता फोननं दिले जातात. पण याचा अर्थ रोकड संपली असा मुळीच नाही. नोटबंदीच्या वेळी देशात साधारण १८ लाख कोटींचं चलन होतं, मार्च २०२४ मध्ये ते ३५ लाख कोटींच्या घरात पोचलं. लोक एटीएमवर कमी वेळा जातात, आणि तरी ते हवंच असतं. मार्केट यार्डात हमालाला, चाकणला मजुरांच्या टोळीला, मावळात भातलावणीच्या दिवसांत बायांना हातात नोटच द्यावी लागते. खर्च तोच, फेऱ्या कमी. मग बँका काय करतात? तोट्यातलं यंत्र बदलण्याऐवजी उचलून नेतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एटीएम चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं तर देशातली निम्मी यंत्रं बंद पडतील असा इशारा दिला होता. तसं झालं नाही, पण हळूहळू गळती चालू आहे.

ओघात एक कामाची गोष्ट सांगतो. बचत खात्याला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत महिन्याला तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत असतात. यासाठी महानगरं म्हणजे मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद, एवढी सहाच. पुणे त्यात नाही. म्हणजे पुण्यात पाच मिळतात. त्यानंतर मात्र बँक एका व्यवहाराला २३ रुपये आणि वर कर लावू शकते.

नवं आलंय ते कुणासाठी

नवं खूप काही आलंय. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना कार्डाशिवाय, यूपीआयच्या आधारे पैसे काढण्याची सोय द्यायला परवानगी दिली. पडद्यावरचा चौकोन स्कॅन करायचा, फोनवर पिन टाकायचा. कार्ड यंत्रात जातच नाही, म्हणून त्याची नक्कल करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मला ही सोय फार आवडते. बाबांना तिचा उपयोग शून्य, कारण त्यांचा फोन बटणांचा आहे आणि त्यांना तोच ठेवायचा आहे. १ जुलै २०१४ नंतर बसवलेलं प्रत्येक एटीएम बोलणारं आणि ब्रेल बटणांचं असावं, असा नियम आहे. सपाट काचेचे पडदे आणताना ती बटणं आणि कानाला लावायच्या तारेचं भोक काढून टाकायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पडद्यावर ठसठशीत मराठी हवी, आणि ‘व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही’ या ओळीच्या खाली आणखी एक ओळ हवी: ‘नोटा यंत्रातच सुरक्षित आहेत, झाकण आता उघडणार नाही, आपण जाऊ शकता.’ तेवढ्या एका ओळीनं बाबांची ती पंचवीस मिनिटं वाचली असती. यंत्राला हे माहीत असतं. ते सांगायला कुणी त्याला शिकवलेलं नसतं. मी आमच्या गटात हे मांडलंय आणि पुढच्या आवृत्तीत घालावं म्हणून मागे लागलोय.

पैसे असे अडकले तर पावती जपून ठेवा. पावती नसेल तर यंत्रावर लिहिलेला क्रमांक आणि घड्याळातली वेळ टिपून ठेवा, आणि आपलं खातं असलेल्या बँकेकडे तक्रार करा. एटीएम कुणाचंही असो, तक्रार आपल्याच बँकेकडे करायची.

बाबा आता कोपऱ्यावर जात नाहीत. त्यांच्या शाखेत भरणा आणि उचल दोन्ही करणारं यंत्र बसलंय. त्यात लोकांनी भरलेल्या नोटा यंत्र स्वतः तपासतं, खऱ्या-खोट्या वेगळ्या करतं आणि चांगल्या नोटा पुढच्या माणसाला देतं. गाडीच्या फेऱ्या वाचतात, म्हणून बँकांना ते परवडतं. गेल्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. रांगेत बाबांच्या पुढे तुळशीबागेत बांगड्यांचा स्टॉल लावणाऱ्या एक ताई होत्या. आदल्या दिवसाचा गल्ला भरायला आल्या होत्या. यंत्रानं त्यांच्या दोन नोटा परत बाहेर सरकवल्या. त्यांनी त्या मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केल्या, दुमडलेला कोपरा नखानं उलगडला आणि पुन्हा घातल्या. या वेळी यंत्रानं घेतल्या. मग बाबांची पाळी. फर्रर्र आवाज झाला, झाकण उघडलं. बाबांनी नोटा मोजल्या, एक नोट उजेडात धरली आणि मला दाखवली. तिच्या कोपऱ्यावर घडीची रेघ होती.